कुलूप शाबूत, कोयंडा उचकटलेला: गणपतीला गावी जाण्याआधी घर कसं सांभाळायचं

वाचकाचं पत्र

आम्ही पुण्यात सहकारनगरमध्ये एका जुन्या तीन मजली सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहतो. मी ६१ वर्षांची, यजमान ६७. मुलगी बंगळुरूला असते. दरवर्षी गणपतीला दहा-बारा दिवस रत्नागिरीजवळ गावी जातो. गेल्या महिन्यात शेजारच्या इमारतीतला बंद फ्लॅट भरदुपारी फोडला, तेव्हापासून झोप लागत नाही. आमच्याकडे साधारण ३० तोळे दागिने आणि पूजेची, जेवणाची चांदीची भांडी आहेत. सगळं बेडरूममधल्या लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये असतं. बँकेत लॉकर आहे, पण तीन वर्षांत उघडलेला नाही. भाऊ म्हणतो तिजोरी घ्या, जावई म्हणतात कॅमेरे लावा. ३०-३५ हजार बाजूला काढून ठेवलेत. आधी काय करावं?

उत्तर

ताई, आधी दार. त्यानंतर दागिन्यांची विभागणी, मग तिजोरी, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो. चार कॅमेरे बसवलेले असतात आणि मुख्य दाराचा कोयंडा मात्र पाऊण इंची स्क्रूवर लटकत असतो.

घरफोडीच्या बातमीत 'कडीकोयंडा उचकटून' हे शब्द इतक्या वेळा का येतात, ते तुमच्या दाराशी उभं राहिलात की कळेल. बाहेरच्या अंगाला अल्ड्रॉप (आडवी सरकवायची जाड कडी) किंवा साधा कोयंडा असेल आणि त्याला भलंमोठं पितळी कुलूप. कुलूप कितीही भारी असलं तरी त्याच्यावर कुणी घाव घालत नाही. कोयंड्याच्या पट्टीला चार स्क्रू असतात, लाकडात जेमतेम १५ ते १८ मिमी गेलेले. त्यातले एक-दोन वर्षानुवर्षांच्या उघडझापीने आधीच सैल झालेले असतात. पट्टीमागे कटावणी घालून जोर दिला की स्क्रू लाकडाचा भुसा घेऊन बाहेर येतात आणि कुलूप शाबूत राहून कोयंड्यासकट लोंबतं. त्याहून वाईट म्हणजे बाहेर दिसणारं कुलूप जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं की घरात कुणी नाही.

म्हणून बाहेरच्या कोयंड्यावरचा भरवसा सोडा. आतल्या लाकडी दाराला तीन दांड्यांचं रिम लॉक किंवा चांगलं मॉर्टिस लॉक बसवा, म्हणजे घर बंद आहे की नाही हे बाहेरून कळणार नाही. तुमच्या जुन्या दाराला आम्ही रिम लॉक सुचवू. मॉर्टिससाठी दाराच्या कडेत खोल खाच पाडावी लागते, आणि ३२-३५ मिमी जाडीच्या फ्लश डोअरमध्ये तेवढी खाच पाडली की नेमक्या त्याच जागी दार पोकळ होतं. रिम लॉक आतल्या अंगावर बसतं, दाराची ताकद कमी करत नाही. घेताना दोन गोष्टी बघा. चावी पूर्ण फिरवल्यावर दांडा किमान २० मिमी बाहेर आला पाहिजे. आणि बाहेरचं सिलिंडर, म्हणजे चावी घालायचा गोल भाग, दाराच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिमीपेक्षा जास्त पुढे येता कामा नये, कारण पुढे आलेलं सिलिंडर पकडीत धरून मोडता येतं. सिलिंडर वेगवेगळ्या लांबीचे मिळतात, म्हणून दुकानात जाण्याआधी दाराची जाडी मोजून न्या. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या हार्डवेअरच्या दुकानांत माप सांगितलंत की योग्य सिलिंडर काढून देतात.

आता लोक जिथे फसतात ती जागा. नवं कुलूप येतं, सुतार ते दाराला पक्कं बसवतो, आणि दांडा जिथे शिरतो ती चौकटीवरची पट्टी डब्यातल्याच एक इंची स्क्रूंनी लावून निघून जातो. दार आत उघडणारं आहे, त्यामुळे बाहेरून लाथ किंवा खांदा मारला की सगळा जोर त्या पट्टीवर येतो. कुलूप टिकतं, दार टिकतं, चौकटीचं लाकूड फाटतं. पट्टीचे किमान दोन स्क्रू चौकट ओलांडून भिंतीत गेले पाहिजेत. चौकटीची जाडी साधारण अडीच इंच, म्हणजे ६५ मिमीच्या आसपास असते, तेव्हा १०० मिमीचे फ्रेम फास्टनर, म्हणजे चौकट भिंतीला आवळणारे लांब स्क्रू, वापरायला सांगा. भिंतीच्या कडेची वीट तुटू नये म्हणून ड्रिलचा हातोडा-मोड बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं. काम सुरू करण्याआधी चौकटीच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी किंवा ओल आहे. तशा चौकटीवर कुठलंही कुलूप लावणं व्यर्थ, आधी तो भाग बदलावा लागेल.

दार आणि चौकट यांच्यातली फटही बघायला हवी. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये लाकडी दार फुगतं, घासायला लागतं, आणि आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. पुढच्या एप्रिल-मेमध्ये तेच दार आकसतं आणि कुलपाच्या बाजूला पाच-सहा मिमीची फट पडते. कटावणीचं टोक शिरायला तेवढी पुरते, शिवाय २० मिमीच्या दांड्यातले पाच-सहा मिमी फटीतच वाया जातात. फट तीन मिमीपेक्षा जास्त असेल तर दाराच्या कडेला सागवानी पट्टी ठोकून घ्या. ऐन पावसाळ्यात रंधा मारायची वेळ आली तर आधी दाराच्या कडांना वरून, खालून पॉलिश किंवा रंग आहे का ते बघा. बहुतेक दारांच्या वरच्या आणि खालच्या कडा कोऱ्याच असतात आणि पाणी तिथूनच शोषलं जातं.

लाकडी दाराच्या पुढचं जाळीचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, म्हणजे त्याच्या बिजागऱ्या बाहेर, चोराच्या बाजूला. बिजागरीची पिन वर ठोकून काढता येत असेल तर कुलपाला अर्थच राहत नाही. दार लोखंडी असेल तर फॅब्रिकेटरकडून पिनांची टोकं वेल्डिंगने पक्की करून घ्या. लाकडी असेल तर बिजागरीच्या बाजूच्या कडेत १० मिमी जाडीचे दोन पोलादी खुंट बसवून घ्या, दार मिटलं की ते चौकटीतल्या भोकांत शिरतात. मग पिन काढली तरी दार निघत नाही. जाळीतून हात घालून आतली कडी सरकवता येते का, हेही स्वतः हात घालून तपासा. येत असेल तर कडीमागे एक पत्रा लावला की काम झालं.

बाहेरचा जुना कोयंडा काढून टाकायचा की ठेवायचा? काढा. त्याचं आणखी एक कारण आहे. घर फोडण्याआधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालण्याची पद्धत चोरांमध्ये चांगलीच रुळलेली आहे. आवाज झाला तरी मदतीला कुणी बाहेर येऊ शकत नाही. तुमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी बाहेरचे अल्ड्रॉप काढून घेतले तर एका सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. कुणाला काढायचा नसेलच, तर तो कोयंडा निदान आरपार नटबोल्टवर घ्यायला सांगा: बाहेरच्या अंगाला गोल डोक्याचा बोल्ट, आत रुंद वॉशर आणि नट.

रोजची एक सवय. दार नुसतं ओढून बंद केलं की नाईट लॅचची तिरपी जीभच फक्त अडकते, आणि ती फटीतून प्लॅस्टिकच्या चपट्या तुकड्यानेही मागे सरकते. भाजी आणायला, देवळात, खाली दूध घ्यायला जातानासुद्धा चावी पूर्ण फिरवूनच जायचं. तुमच्या शेजारचा फ्लॅट भरदुपारी फुटला यात नवल नाही. दुपारी माणसं कामावर, जिन्यात वर्दळ नाही, आणि वर चढणारा माणूस पार्सल घेऊन आला असेल असंच सगळ्यांना वाटतं.

पहिला मजला म्हणजे खिडक्यांकडे तळमजल्याइतकंच लक्ष हवं. खाली उतरून इमारतीभोवती एक चक्कर मारा आणि वर बघा. छज्जा, ड्रेनेजचा पाइप, कंपाउंडची भिंत, आंब्याची फांदी, कायम उभी असलेली गाडी, यांतल्या कशावरून तुमच्या कुठल्या खिडकीला हात पोचतो? जुन्या इमारतींत सर्वांत कच्ची जागा असते बाथरूमची खिडकी, डक्टकडे उघडणारी. तिच्या लूव्हरच्या काचा एकेक करून बाहेर ओढून काढता येतात. तिला आतून ग्रिल हवंच. ग्रिल १२ मिमीच्या चौकोनी गजाचं घ्या, दोन गजांमध्ये १०० मिमीपेक्षा जास्त अंतर नको, आणि त्याचे पाय भिंतीत घट्ट सिमेंटने बसवलेले हवेत. खिडकीच्या लाकडी चौकटीवर स्क्रूने लावलेलं ग्रिल त्या चार स्क्रूंइतकंच मजबूत. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतील तर तावदान वर उचलून रुळातून काढता येतं का ते बघा. वरच्या रुळात, बंद तावदानाच्या डोक्यावर एक स्क्रू अर्धवट बाहेर ठेवून लावला की ते उचललं जात नाही. खर्च जवळजवळ शून्य. सगळ्या खिडक्या ग्रिलबंद करणार असाल तर एका ग्रिलला आतून उघडणारा झरोका ठेवा. आग लागली तर बाहेर पडायची ती वाट आहे. त्याची चावी आत हाताशी, पण खिडकीबाहेरून हात पोचणार नाही अशा जागी टांगा.

आता दागिन्यांकडे येऊ.

लोखंडी कपाटातला लॉकर म्हणजे तिजोरी नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवं. कपाटाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. दाराच्या कोपऱ्यात पहार घातली की तो वाकतो, आणि आतल्या लॉकरचंही तेच. बेडरूममधलं कपाट, गादीखाली, देव्हाऱ्याचा खण, तांदळाचा डबा या जागा चोराच्या डोक्यात आधीपासून असतात. तो त्याच क्रमाने फिरतो, आणि त्याच्याकडे वेळ थोडा असतो.

३० तोळ्यांतलं तुम्ही वर्षभरात खरोखर काय घालता? मंगळसूत्र, दोन-चार बांगड्या, कानातलं, एखादी ठुशी. पाटल्या, तोडे, मोहनमाळ, वाकी हे लग्नकार्यापुरतं. जे वर्षातून चार वेळाही अंगावर येत नाही ते बँकेत जाऊ द्या, आणि चांदीतलं रोजच्या पूजेपुरतं ठेवून बाकी सगळंही. बँकेचा लॉकर तुमच्याकडे आहेच, ही मोठी सोय आहे. पुण्यात अनेक शाखांत लॉकरसाठी प्रतीक्षायादी असते.

पण तीन वर्षं तो उघडला नाही हे बरं नाही. याच आठवड्यात शाखेत जा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरचे नियम बदलले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, आणि जुन्या लॉकरधारकांनाही नवा करार करावा लागला. तुमचा करार झाला आहे का ते विचारा आणि त्याची प्रत मागून घ्या. भाडं सलग तीन वर्षं थकलं तर बँक रीतसर प्रक्रिया करून लॉकर फोडू शकते. सात वर्षं तो वापरलाच नाही आणि लॉकरधारकाचा पत्ता लागला नाही, तर भाडं भरलेलं असूनही तशी कारवाई होऊ शकते. लॉकर उघडला गेला की बँकेने तुम्हाला एसएमएस आणि ईमेल पाठवायचा असतो, म्हणून नोंदलेला मोबाइल नंबर अजून तुमचाच आहे ना, हे तिथेच तपासा. नामनिर्देशन केलेलं नसेल तर त्याच भेटीत करून टाका, आणि लॉकर दोघांच्या नावावर नसेल तर तोही करून घ्या.

हेही माहीत असू द्या: बँकेतली आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यामुळे लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच आहे. भाडं २,००० रुपये असेल तर २ लाख. सोन्याच्या आजच्या भावात एवढ्या पैशांत ३० तोळ्यांचा लहानसा भागच येतो. तरीही घरातल्या पत्र्याच्या कपाटापेक्षा तिथे धोका कितीतरी कमी, म्हणून आमचं मत लॉकरच्याच बाजूने आहे. लॉकरमध्ये ठेवताना प्रत्येक नग वेगळ्या मलमलच्या पिशवीत ठेवा. चांदीला रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. बंद करून निघताना लॉकरच्या खाली, जमिनीवर आणि टेबलावर एकदा नजर टाका. एखादी नथ किंवा कुडी तिथेच राहून जाते.

भावाच्या सूचनेप्रमाणे तिजोरी घ्यायला हरकत नाही. घरात राहणाऱ्या पाच-सात तोळ्यांसाठी, थोड्या रोख रकमेसाठी आणि कागदपत्रांसाठी ती हवी. फक्त ती कशी घ्यायची आणि कशी बसवायची यावर सगळं अवलंबून आहे. हॉटेलच्या खोलीत असतात तसल्या, एक-दोन मिमी पत्र्याच्या, १०-१२ किलोच्या पेट्या चोर तिथे उघडत बसत नाही, चादरीत गुंडाळून घेऊन जातो. दाराची प्लेट किमान ६ मिमी आणि अंग किमान ३ मिमी पोलादाचं असलेली घ्या. आगीपासून वाचवणारी आणि चोरीपासून वाचवणारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आगीसाठीच्या पेटीच्या भिंतीत उष्णतारोधक भरलेलं असतं, पत्रा मात्र पातळ असू शकतो, आणि आत दमटपणा साठतो. तशी घेतली तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात बदलत राहा.

बसवताना होणारी चूक जवळजवळ ठरलेली असते. तिजोरीच्या तळाला भोकं असतात आणि सोबत साधारण ७५ मिमीचे बोल्ट येतात. तुमच्या घरात फरशी दहा मिमी, तिच्याखाली सिमेंट-वाळूचा थर चाळीस मिमी किंवा जास्त, आणि त्याच्याखाली खरा स्लॅब. तो बोल्ट फरशी आणि भुसभुशीत थरातच संपतो, काँक्रीटपर्यंत जेमतेम टेकतो. तिजोरी हलवून बघितली तर पक्की वाटते. पहारीने उचकटली की फरशीसकट उपटून येते. १० मिमी जाडीचे, १२० ते १३० मिमी लांबीचे अँकर बोल्ट आणा, म्हणजे काँक्रीटमध्ये ६० मिमी पकड मिळेल. जुन्या इमारतीत स्लॅब १०० ते १२५ मिमीचा असतो, त्यामुळे काँक्रीटमध्ये याहून खोल जाऊ नका. ड्रिल सळईला लागलं तर जोर न लावता भोक थोडं सरकवा, सळई कापायची नाही. स्लॅबमधून विजेच्या नळ्या जातात, म्हणून पंख्याच्या किंवा स्विचबोर्डच्या रेषेत भोक नको, आणि बाथरूमला लागून असलेली जागाही टाळा. भोकातली धूळ फुंकून किंवा ओढून पूर्ण काढल्याशिवाय बोल्ट घालू नका. धूळ राहिली तर बोल्ट फिरत राहतो, पकडत नाही. चार भोकं असतील तर चारही वापरा.

जागा कोपऱ्यातली निवडा. दोन बाजूंना भिंत चिकटून असेल तर पहार घालायला वाव मिळत नाही. वॉर्डरोबच्या तळात ठेवणार असाल तर तिथला प्लाय कापून तिजोरी थेट फरशीवर बसवा, प्लायवर नको.

डिजिटल घ्यायची की चावीची? डिजिटल चालेल, पण आत सोलेनॉइडऐवजी (विजेच्या चुंबकाने सरकणाऱ्या पिनेऐवजी) मोटरवर चालणारा खटका असलेली मागा. स्वस्त सोलेनॉइडची पिन जोरदार धक्क्याने सरकू शकते. पहिल्याच दिवशी कंपनीचा मूळ कोड आणि मास्टर कोड दोन्ही बदला. मास्टर कोड बदलायचं बरेचजण विसरतात आणि तो माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. फ्लॅट नंबर, जन्मसाल, गाडीचा नंबर नको. अल्कलाइन सेल दरवर्षी एका ठरलेल्या सणाला बदला. सेल संपल्यावर लागणारी आपत्कालीन चावी घरात ठेवायची नाही, तिजोरीत तर नाहीच. बँकेच्या लॉकरमध्ये एक, मुलीकडे एक, पण तिच्या हातात देऊन, कुरियरने नव्हे.

कपाटात मौल्यवान काही उरलं नाही की त्याला कुलूप लावू नका. बंद कपाट दिसलं की ते वाकवलं जातं आणि नुकसान तुमचंच होतं.

एक दुपार काढून प्रत्येक दागिन्याची नोंद करा. चोरी झाली तर याच नोंदीचा सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि नेमकी तीच कुणाकडे नसते. पांढऱ्या कापडावर दागिना ठेवा, शेजारी पट्टी, आणि पुढून, मागून, फाशाजवळून फोटो काढा. वजन लक्ष्मी रोडवर तुमच्या नेहमीच्या सराफाकडे ग्रॅममध्ये करून घ्या. डाग देऊन सांधलेला असेल, मणी बदललेला असेल, मागे नाव कोरलेलं असेल तर लिहा. दोन सारख्या मोहनमाळांतून आपली ओळखायची तर त्याच खुणा कामी येतात. अलीकडच्या दागिन्यांवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा स्वतंत्र ओळख क्रमांक असतो; १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. भिंगाने वाचून तो यादीत टिपा, बीआयएस केअर अॅपवर टाकून खात्रीही करता येते. जुन्या दागिन्यांवर हा क्रमांक नसेल, तिथे फोटो आणि वजन हाच पुरावा. यादी, फोटो आणि बिलांच्या प्रती मुलीला ईमेल करा. छापील प्रत दागिन्यांसोबत ठेवू नका.

जावयांचा कॅमेरा आता. तो चोराला अडवत नाही, पण कळवू शकतो आणि चेहरा देऊ शकतो. त्यासाठी दाराबाहेर एक पुरेसा आहे, जिना चढून येणाऱ्याचा चेहरा समोरून दिसेल असा, सात-साडेसात फुटांवर. फार उंचावर लावला तर टोपी आणि डोक्याचा वरचा भागच दिसतो. शेजाऱ्यांच्या दाराच्या आत डोकावणार नाही असा कोन ठेवा. गावी जाताना बहुतेकजण मेन स्विच बंद करतात, आणि राउटर, कॅमेरा, अलार्म सगळं एका क्षणात मरतं. मेन चालू ठेवून खोल्यांचे एमसीबी (बोर्डावरचे छोटे स्विच) पाडा, राउटरचा सुरू राहू द्या. राउटर आणि कॅमेऱ्याला लहान बारा व्होल्टचा यूपीएस जोडा, म्हणजे गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघालं तरी दोन-तीन तास निभावतं. तपकीर गल्लीत असे यूपीएस सहज मिळतात. घेताना तुमच्या अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून न्या.

कॅमेऱ्यापेक्षा आमची पसंती दार उघडताच कळवणाऱ्या मॅग्नेटिक सेन्सरला आणि मोठ्या आवाजाच्या सायरनला आहे. आवाज झाला की चोराचा वेळ संपतो. सिमकार्डवर फोन करणारा अलार्म घेतलात तर त्या सिमच्या रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. सिम बंद पडल्याने मुका झालेला अलार्म ही नेहमीची गोष्ट आहे. हालचाल टिपणारा सेन्सर घेतला तर तो खिडकीसमोर किंवा पंख्याखाली नको, आणि पाल त्याच्या भिंगावर चढली तरी तो वाजतो, तेवढं लक्षात ठेवा. सायरन वाजल्यावर शेजाऱ्यांनी काय करायचं हे आधी बोलून ठेवा: दार उघडून सामना करायचा नाही, पीपहोलमधून बघायचं आणि ११२ ला फोन लावायचा.

तुमच्या रकमेत हे बसतं. कुलूप, चौकट, बिजागऱ्या आणि खिडक्यांचं काम यासाठी अंदाजे दहा हजार धरा, तिजोरी आणि बसवणं पंधरा हजारांच्या आसपास, सेन्सर-सायरन पाच हजारांच्या आत. कॅमेरा उरलेल्या पैशांत. ग्रिल जास्त निघालं तर कॅमेरा पुढच्या वर्षी घ्या, ग्रिल आधी.

गावी निघताना पेपर आणि दूध बंद करण्यापेक्षा शेजाऱ्यांना रोज उचलायला सांगणं बरं. बंद केलं की आपण नाही हे आणखी दोघांना कळतं. दारातली पत्रकं, पार्सलंही त्यांनीच उचलावीत. दिवाणखान्यातला एक दिवा टायमरवर संध्याकाळी सात ते साडेदहा चालू राहू द्या, चोवीस तास जळणारा दिवा दुसऱ्याच दिवशी उघडा पडतो. चावी कुंडीखाली, मीटर बॉक्समध्ये, चपलांच्या रॅकवर नको. कामाच्या मावशींवर विनाकारण संशय घ्यायचा नाही. नव्या मदतनीसांची नोंद पोलिसांकडे करावी आणि घराच्या किती चाव्या कुणाकडे आहेत ते लिहून ठेवावं. हिशेब लागत नसेल तर नुसतं सिलिंडर बदलता येतं, पूर्ण कुलूप नव्हे. गावच्या आरतीचे फोटो परत आल्यावर टाका.

विम्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गैरसमज फार आहे म्हणून लिहितो. एप्रिल २०२१ पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी आग, पूर, भूकंप यांसाठी आहे. त्यात चोरीची भरपाई अशा संकटानंतर सात दिवसांत, त्या संकटामुळे झालेल्या चोरीपुरतीच. घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि दागिने त्यात यादी व मूल्यांकनासह स्वतंत्र नोंदवावे लागतात. दोन अटी नीट वाचा. बहुतेक पॉलिसींना जबरदस्तीने घुसल्याची खूण लागते, म्हणजे उघडं दार किंवा चावीने उघडलेलं कुलूप असेल तर दावा अडकतो. आणि घर ठरावीक दिवसांपेक्षा, अनेकदा सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवावं लागतं. तुमचे बारा दिवस त्यात बसतात, पण पुढे मुलीकडे दोन महिने राहायला गेलात तर हे विसरू नका.

आणि परत आल्यावर दार फोडलेलं दिसलंच, तर आत जाऊ नका. आत कुणी असू शकतं. खाली या आणि ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत कपाटाचं दार, खण, स्विच, कशालाही हात लावू नका, पसारा आवरू नका, ठसे त्यावरच असतात. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी वेगळं काढून ठेवायला सांगा, कारण हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. तक्रारीत 'सोन्याचे दागिने' एवढंच लिहून येऊ नका. नगवार वजन, खुणा, क्रमांक लिहा आणि यादी जोडा. नंतर काही आठवलं तर पुरवणी जबाब देता येतो. एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका, विम्यालाही तीच लागते. मुद्देमाल सापडला तर तो न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो. त्या अर्जासोबत बिलं, फोटो आणि वजनाची नोंद जोडली की आपला दागिना आपलाच आहे हे दाखवणं पुष्कळ सोपं जातं.